मिश्रीची डबी

मंगळवार, रात्री साडेदहा. दादर.

आईला आत्ता कुठं डोळा लागला. परवा डाव्या बाजूचं पाणी काढलं, तिथं अजून ठणकतं, म्हणून उजव्या कुशीवर निजलीय. गाडगे महाराज धर्मशाळेत या वेळी खोकल्याचेच आवाज असतात. कुठला खोकला कुणाचा, हे मला आता अंधारातही कळतं.

आजचं आजच लिहून ठेवते. उद्यापर्यंत मी त्याला सोयीचं वळण देईन, मी मला ओळखते.

आजार कळल्यापासून माझं एक वाक्य पाठ झालंय. “आमच्या आईनं जन्मात तंबाखूला हात लावला नाही हो.” स्कॅनच्या रांगेत, एसटीत, सोयऱ्यांच्या फोनवर, सगळीकडे तेच. कारण फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ओढायचं का कुणी? डॉक्टर विचारतात ते वेगळं, त्यांना उपचार ठरवायचे असतात. पण भाचीच्या सासूबाईंना काय ठरवायचं असतं? मामीला स्तनाचा झाला तेव्हा हीच माणसं डोळे पुसत आली होती. आईच्या वेळी आधी चौकशी, मग हळहळ.

त्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांनी टीबी धरून पाच महिने गोळ्या दिल्या. तेव्हा गावात तिचं ताट-तांब्या वेगळं झालं होतं. मुंबईला आणताना भावानं “छातीत पाणी झालंय” एवढंच सांगितलं. म्हणजे एक लपवणं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

बायोप्सीत ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीच्या पेशींत त्या नावाच्या जनुकात बदल, असं आलं त्या दिवशी मला चक्क आनंद झाला होता. रोजच्या एका गोळीवर भागण्यासारखं होतं, हे एक. पण दुसरं कारण लाजिरवाणं आहे. जनुकातला हा बदल न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त सापडतो, असं मी वाचलं होतं. मला वाटलं, आईच्या चारित्र्याचा छापील दाखलाच मिळाला. तो रिपोर्ट मी नात्यातल्या ग्रुपवर टाकलाही.

आज परळला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी वाक्य सुरू केलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग आईपुढे एक कागद ठेवला. त्यावर तापमापीचं चित्र, खाली 0, वर 10. “आठवडाभरात जिवाला घोर किती लागला, बोट ठेवा.” आईनं माझ्याकडे बघून 2 वर ठेवलं. बाई मला म्हणाल्या, “तुम्ही जरा चहा घेऊन या.”

चहा पिऊन आले तर आईचे डोळे लाल आणि बोट 8 वर. त्या कागदावर 4 किंवा त्याच्या पुढं गेलं की नीट बोलायला हवं, असं धरतात म्हणे. “सांगू का हिला?” बाईंनी आईलाच विचारलं. आई म्हणाली, “म्याच सांगती.”

“मिश्री लावती मी. लगीन व्हायच्या आदीपास्नं. तू समद्यास्नी सांगत सुटलीस, आईनं हात लावला न्हाय. मग म्या कुठल्या तोंडानं बोलू?”

मला माहीत नव्हतं असं नाही. तव्यावर मिश्री भाजायला घेतली की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो, तो वास अजून नाकात आहे. पण मिश्री म्हणजे तंबाखूच, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते! तंबाखूमुक्त शाळेच्या चित्रस्पर्धेत एका मुलीनं काळंठिक्कर फुप्फुस काढून खाली “ओढाल तर भोगाल” लिहिलं होतं. पहिला नंबर मीच दिला होता.

माझ्या त्या वाक्यागणिक आई आत आत मिटत गेली असणार. तिच्या लेखी आजार तिनं स्वतःच ओढवून घेतला होता, आणि वर लेक खोटी साक्ष देत फिरत होती.

बाईंनी तिला उगाच “तसं काही नसतं” म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, मिश्री सोडायचीच, तोंडाच्या कॅन्सरशी तिचं नातं पक्कं आहे. पण चुलीपुढं किती वर्षं बसलात? बाहेरच्या हवेच्या प्रदूषणानंसुद्धा फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2013 सालीच सांगितलंय. “तुमचा कशानं झाला हे कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही.” मग घरात कुणाला काय माहीत आहे, रात्री झोप लागते का, भीती नेमकी कशाची वाटते, असं एकेक. निघताना फाईलच्या मागं 14416 लिहून दिला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

बाहेर बाकावर बार्शीकडचे काका होते. तीस वर्षं विडी. गेल्या आठवड्यात याच बाकावर मी माझं वाक्य कुणाला तरी ऐकवलं, तेव्हा ते उठून पलीकडे जाऊन बसले होते. आज कळलं का ते. आईचा निर्दोषपणा मी कुणाच्या जिवावर शाबीत करत होते? आज त्यांच्याशेजारी बसले. काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, भूक लागते का. म्हणाले, “विडी सोडल्यापास्नं जरा लागती. आत्तासुद्धा सोडली तरी गुण येतो म्हणत्यात डाक्टर.” मग हसून, “पर पयल्यांदाच कुणीतरी जेवणाचं इचारलं बघा.”

संध्याकाळी भाचीच्या सासूबाईंचा फोन. पुन्हा तेच, ओढायचं का कुणी. वाक्य जिभेवर आलं होतं. “तिला भाकरी गिळवत नाही, पेज करून देते,” एवढंच बोलले. पलीकडे जरा वेळ शांतता.

आईनं आज पिशवीच्या तळातून मिश्रीची डबी काढून खिडकीत ठेवलीय. इतके दिवस माझ्यापासून लपवून आणली होती तर. मी झाकण उघडून पाहिलं. अर्धी भरलेली आहे.