पाटण्याच्या शिवारात, अवसेच्या रात्री

रात्रीचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ, असं नवशिक्या मित्रांपैकी कोणी विचारलं की मी उलट विचारतो, जागा दिवसा पाहिली का? कारण अंधारात फोटो फक्त काढला जातो, ठरतो तो उजेडी. पौषातल्या अमावास्येला चाळीसगावला गेलो तोही दुपारच्या गाडीनं, त्याच हिशेबानं.

चाळीसगावात उतरून कॅमेरेवाल्या माणसानं फोटोग्राफर केकी मूस यांचं घर न बघता पुढं जाऊ नये. आयुष्याचा बहुतेक काळ हा माणूस याच घरात राहिला, 1989 साली इथंच गेला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी उभे केलेले देखावे बघा. उजेड कुठून पडणार, सावली कुठं जाणार, सगळं आधी ठरलेलं. रात्रीच्या फोटोग्राफीचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही, आणि तो खोलीत बसून काढलेल्या फोटोंतून मिळतो याची गंमत वाटते.

तिथून पाटणादेवी जेमतेम वीस किलोमीटर. चंडिकेचं दर्शन घेतलं, भोवतीचे डोंगर डोळ्यांत साठवले आणि ऊन उतरायच्या आत बाहेर पडलो. हे सगळं गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं, बिबट्याचा वावर आहे. तारे टिपायला रात्री आत थांबायचा हट्ट कुणी करू नये. मावसभावाच्या ओळखीनं अभयारण्याबाहेर, पाटणे गावाच्या शिवारात एका आप्पांचा मळा मिळाला होता. विहिरीजवळ एक जुना लिंब, पलीकडं गहू, त्यामागं डोंगराची काळी रेघ. एवढं पुरे. नुसत्या ताऱ्यांचा फोटो कुठूनही सारखाच दिसतो. तो पाटण्याचा वाटायला लिंब लागतो.

उजेड असतानाच ट्रायपॉड बांधावर लावला. गव्हाला पाणी सुटलेलं, माती भुसभुशीत. पाय हळूहळू रुतत जातात आणि वीस सेकंदांत फोटो हलतो. म्हणून तिन्ही पायांखाली चपटे दगड ठेवले आणि मधल्या दांड्याला बॅग अडकवली. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं काटछाट न केलेली. कॅमेऱ्यासोबत येते तीच 18-55 मिलिमीटरची लेन्स होती. महागडी लेन्स पहिल्या वर्षी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

फोकस ही नवख्यांची खरी अडचण. अंधारात ऑटोफोकस नुसता घुटमळतो, आणि लेन्सवर अनंताची खूण असली तरी ती नेमकी असेलच असं नाही. मॅन्युअलवर जायचं, स्क्रीनवर एखादा ठळक तारा दहापट मोठा करायचा आणि रिंग इतकी हळू फिरवायची की तो ठिपका लहानात लहान होईल. पूर्वेला मृगाच्या पाठोपाठ व्याध वर आला होता, त्याच्यावरच केलं. मग रिंगवर चिकटपट्टी, आणि झूमला हात लावायचा नाही.

तारे रेघा न होता ठिपके राहावेत यासाठी 500 चा नियम सांगतात: 500 ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा, की शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते मिळतं. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चकती, छोटा असेल तर मिलिमीटर आधी दीडपट करा. 18 चे 27 झाले, उत्तर साधारण 18 सेकंद. जास्त पिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यांना हा नियम सैल पडतो, म्हणून मी 15 वरच थांबतो. अॅपर्चर (लेन्सचं भोक) 3.5, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 3200. स्क्रीनचा उजेड कमी करून ठेवा. काळोखात प्रत्येक फोटो झकास दिसतो आणि घरी येऊन काळा निघतो. भरवसा हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत काळं-उजळ किती ते दाखवणाऱ्या आलेखावर ठेवा.

शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. दहाच्या सुमारास मोटर सुरू झाली आणि आप्पा डोक्याला बॅटरी बांधून पाणी भरायला आले. "काय फोटू काढी ऱ्हायनात भो, अंधारामा?" तो उजेड सरळ लेन्सवर. पण डोक्यात लगेच आलं की लिंबाला उजेड हवाच आहे. आप्पांना विहिरीच्या बाजूला उभं केलं, बॅटरीवर रुमाल धरायला लावला आणि शटर उघडल्यावर दोनच सेकंद झाडावरून फिरवायला सांगितली. उजेड कॅमेऱ्यामागून टाकला तर झाड कागदावर कापून चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. बाजूनं टाकला की सालीची एकेक भेग वर येते. स्क्रीनवर फोटो बघून आप्पा म्हणाले, "आणखी एक काढ." पाणी तिकडं वाफा फोडून चाललेलं.

नंतर तोंड उत्तरेला फिरवलं. चाळीसगावचा उजेड क्षितिजाला लागलेला, त्यावर ध्रुव. हात लांब करून एकावर एक दोन मुठी मोजल्या की सापडतो, कारण एक मूठ साधारण दहा अंशांची आणि ध्रुवाची उंची म्हणजेच जागेचा अक्षांश, इथं वीस-साडेवीस. गणिती आणि खगोलज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख याच पाटण्याचा. तिथं मुठी मोजताना जरा अवघडल्यासारखं होतं. इथं मात्र ताऱ्यांच्या रेघाच हव्यात, म्हणून ध्रुव चौकटीत घेऊन तीस-तीस सेकंदांचे फोटो सलग घेत राहायचं आणि घरी एकावर एक चढवायचे. तारे तासाला 15 अंश सरकतात, तेवढा कंस उमटतो. ओल्या रानात लेन्सवर दव बसतं, म्हणून मधून मधून टॉर्च मारून काच बघायची, जवळ मऊ फडकं ठेवायचं.

आकाशगंगेचा ठळक भाग हवा असेल तर हिवाळ्यात जाऊ नका. तो वृश्चिक-धनूकडं असतो. फाल्गुनाच्या अवसेला पहाटे तीन-चारला दक्षिणेकडं सापडतो, वैशाखात रात्री अकरापर्यंत वर येतो. इथून तो चाळीस अंशांपर्यंत चढतो आणि गावाचा उजेड नेमका पाठीमागं राहतो. पण वैशाखात खान्देशातली रात्रही तापलेली. सेन्सर गरम राहतो आणि फोटोत दाणे वाढतात. मला फाल्गुनातली पहाट पटते. त्या आठवड्यात लाइट कोणत्या पाळीची आहे, तेवढं मळेवाल्याला आधी फोन करून विचारायचं.