कुत्र्याला सापावर ‘छू’ म्हणू नका

पाऊस पडला की आमच्या परभणीकडं मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. कुठल्यातरी आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, कुत्र्यानं नाग धरलेला असतो, तोंडात धरून झटकायलाय आणि मागून दोन-चार जण ओरडायलेत, "सोडू नको, फाड त्याला!" खाली शाबासकीचा पाऊस. मला ते बघवत नाही. व्हिडिओ तिथंच संपतो आणि त्या कुत्र्याचं पुढं काय झालं ते कुणी टाकत नाही. नागानं थोबाडावर मारलं असेल तर मागचे पाय लटपटतात, लाळ गळते, पापण्या जड होतात आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर श्वास बंद पडतो. एवढं इमानी जनावर आणि आपण त्याला टाळ्या वाजवून मरणाच्या तोंडी देतो.

आणि माझं म्हणणं हेच आहे बघा, ती शाबासकी म्हणजेच ट्रेनिंग. कुत्रं सापाकडं झेपावलं की माणसं गोळा होतात, आरडाओरडा होतो, पाठीवर थाप पडते, त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की साप धरला की मालक खूश. पुढच्या बारीला ते अजून जोरात धावतं. त्यामुळं सुरुवात कुत्र्यापासून नाही, आपल्यापासून करायची. घरातल्या लेकरांना, सालगड्याला, शेजारच्या आखाड्यावरच्या काकाला सगळ्यांना सांगायचं, साप दिसला तर छू म्हणायचं नाही.

दुसरं टोक म्हणजे मारून, दुखवून शिकवणं. अमेरिकेत रॅटलस्नेक नावाच्या विषारी सापासाठी कुत्र्याच्या गळ्यात शॉकचा पट्टा घालतात, साप समोर ठेवतात आणि कुत्रं हुंगायला गेलं की करंट. बऱ्याच जणांना वाटतं लई भारी आयडिया आहे. पण कुत्र्याला करंट नेमका कशामुळं बसला ते त्याला कोण सांगणार? त्या क्षणी त्याच्या नजरेसमोर जे होतं त्याच्याशी ते दुखणं जोडतं, मग तो साप असेल, शेजारी उभं असलेलं लेकरू असेल नाहीतर ठिबकची काळी नळी असेल. आपल्याकडं तर अख्ख्या रानात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, नळीला घाबरणारं कुत्रं रानात पाय टाकील का? वेल्समध्ये असल्या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे. आणि काही जण म्हणतात सर्पमित्राकडून तोंड शिवलेला नाहीतर दात काढलेला साप आणू, तर तसलं काही मनात पण आणू नका. सापाचे हाल होतात ते वेगळंच, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, साप धरून ठेवणं हा गुन्हा आहे.

मग करायचं काय? कुत्र्याला सापाची भीती घालायची नाही, साप दिसला की माघारी फिरून मालकाकडं यायचं एवढी सवय लावायची. आमच्या खंड्याबरोबर मी असंच केलं. आधी घरी, अंगणात, सापाचा काही संबंध नसताना ‘ये’ म्हटलं की यायचं आणि ‘सोड’ म्हटलं की तोंडातलं सोडायचं हे पक्कं केलं. भाकरीच्या तुकड्यावर खंड्या येतो पण रमतगमत, उकडलेल्या अंड्यावर मात्र पळत येतो, म्हणून अंडं फक्त ह्याच कामासाठी राखून ठेवलं. मग जत्रेतला रबरी साप घेतला, त्याला बारीक दोरी बांधली आणि तुरीच्या दोन ओळींमधी गवतात टाकला. खंड्या लांब दोरीला. लांबूनच त्याचे कान टवकारले, मान पुढं काढून पुढचा एक पाय उचलून थबकला, आणि तोच क्षण महत्त्वाचा आहे, झेप घ्यायच्या आधीचा. तेवढ्यात "खंड्या, ये" आणि मी स्वतः चार पावलं मागं. तो वळला की अंडं. ओरडायचं नाही, दोरीला हिसका द्यायचा नाही. तो वळलाच नाही तर आपण सापाच्या लई जवळ उभं आहोत असं समजायचं आणि अजून लांबून सुरुवात करायची.

हे रोज थोडं थोडं, कंटाळा यायच्या आत थांबवायचं. काही दिवसांनी हाक मारायच्या आधीच तो साप बघतो आणि मान वळवून माझ्याकडं बघतो, अंडं कुठंय म्हणून. तेच पाहिजे होतं. तिथून पुढं जागा बदलायची, आज बांधावर, उद्या गोठ्यामागं कडब्याच्या गंजीपाशी, दोरीनं साप हळूच सरकवायचा, आणि घरातल्या प्रत्येकानं हाक मारून बघायचं, कारण साप काय मी रानात असतानाच निघणार असं थोडंच आहे.

आता रबराला रबराचाच वास येतो आणि कुत्र्याचं निम्मं जग नाकात असतं, त्यामुळं नुसत्या रबरी सापावर भागत नाही. बांधावर कुठं सापाची कात पडलेली दिसली तर ती उचलून घरी आणायची नाही, तिथंच, भर उजेडात, आधी आजूबाजूला काठी आपटून बघून, दोरी लांब सोडून तोच सराव करायचा. कात कुठल्या सापाची ते ओळखायच्या भानगडीत पडू नका. धामण असो की नाग, कुत्र्यानं दोघांपासून सारखंच लांब राहावं. धामण उंदीर खाते, ती वाचली तर आपलंच भलं.

एक गोष्ट मात्र कुणी करू नये, लांब उभं राहून भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प बसवू नये. ते खबर देतंय. त्याला जवळ बोलवा, शाबासकी द्या, बांधून ठेवा आणि मग बॅटरी घेऊन लांबूनच बघा.

ह्या ट्रेनिंगची हद्द पण सांगतो. कुत्र्याला साप दिसला किंवा वास आला तरच ते वळणार. खडकाळ माळावर फुरसं दगडाच्या रंगात मिसळून बसतं, घोणस सोयाबीन काढणीला ढिगाखाली असते, पाय पडला की संपलं. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, मण्यार तर आवाजच करत नाही आणि फिरते रात्री. म्हणून कुत्र्याला रात्री दगडांच्या आणि तुराट्यांच्या ढिगाजवळ बांधू नका, त्याच्यासाठी बाज नाहीतर फळी टाका, सांडलेलं धान्य झाडून घ्या म्हणजे उंदीर येणार नाहीत.

आणि चावलाच तर? बहुतेक वेळा तोंडावर नाहीतर पुढच्या पायाला चावतो. घोणस-फुरशाच्या चाव्यानं भराभरा सूज येते, रक्त थांबत नाही. मण्यारीच्या चाव्याला सूज नसते, खूण पण सापडत नाही, कुत्रं सकाळी लुळं पडलेलं दिसतं. आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, मिरची-लिंबाचा पाला खाऊ घालत बसायचं नाही, मंत्र उतरवायला तर अजिबात न्यायचं नाही. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत टाका. औषध एकच, अँटीव्हेनम, माणसाला देतात तेच, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारही सापांवर चालतं. लहान कुत्र्याला कमी डोस असला हिशोब तिथं नसतो, विष किती गेलंय त्यावर डोस ठरतो, त्यामुळं बारक्या कुत्र्याला पण जास्त बाटल्या लागू शकतात आणि त्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात नसतात. मी मृगाच्या आधीच आमच्या डॉक्टरला फोन करून विचारतो, तुमच्याकडं किती आहेत आणि नसल्या तर रात्री-अपरात्री कुणाकडं मिळतील, आणि तो नंबर आखाड्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवतो.