मन्याच्या कानातला थेंब

आमच्या मन्याला मधुमेह आहे हे सांगितल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मांजरांनाही डायबेटिस होतो?’ आणि लगेच दुसरा, ‘मग त्याची साखर कशी मोजता?’ पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. मध्यम वय उलटलेल्या, वजन वाढलेल्या आणि नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये हा आजार विशेष दिसतो. त्याचे स्वरूप माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखे असते, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंड हळूहळू थकत जाते. मन्या या वर्णनात तंतोतंत बसणारा होता. बादलीतले पाणी पिऊनही त्याची तहान भागत नव्हती, मातीच्या पेटीत लघवीचे मोठमोठे गोळे होत होते आणि भरपूर खाऊनही वजन उतरत होते. शेवटी तो मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालू लागला. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्याने नसा दुखावतात आणि मांजर असे चालते, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्ही ते वयावर ढकलत होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे आणि ते घरीच मोजण्याच्या कारणापासून सुरू करावे लागते. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून दवाखान्यात पोहोचलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने वाढते. मधुमेह नसलेल्या मांजरातही ती घाबरल्यामुळे ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. फ्रुक्टोसामाइन नावाच्या तपासणीतून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि निदान पक्के करायला ती फार उपयोगी पडते, पण आज सकाळी इन्सुलिन द्यावे की नाही, हे ती सांगू शकत नाही. भीतीने फुगलेल्या आकड्यावर डोस वाढवत गेले, तर घरी शांत झोपलेल्या मांजराची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून देण्याआधीच, घरी मोजायची तयारी आहे का, असे विचारले होते.

घरात सासूबाईंचा ग्लुकोमीटर होताच आणि त्या स्वतः कित्येक वर्षे बोट टोचून घेत असल्याने ‘त्यात काय एवढं, अगं, माझाच वापर की’ असे त्यांचे म्हणणे पडले. त्यात एक अडचण आहे. माणसाच्या रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशी आणि द्रव यांत बऱ्यापैकी विभागलेले असते, तर मांजराच्या रक्तातील बहुतांश ग्लुकोज द्रवात असते. माणसासाठी बनवलेले यंत्र माणसाच्या रक्ताचा हिशेब धरून आकडा दाखवते, म्हणून मांजराच्या बाबतीत तो खऱ्यापेक्षा बहुधा कमी येतो आणि हा फरक सर्व पातळ्यांवर सारखा नसतो. प्राण्यांसाठीचे वेगळे मीटर मिळतात, पण त्यांच्या पट्ट्या महाग असतात. माणसांचे मीटर वापरूनही अनेक जण व्यवस्थित निभावून नेतात. एकच मीटर कायम ठेवावे आणि डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादा कोणत्या मीटरसाठी आहेत हे नीट विचारून घ्यावे, म्हणजे झाले. शिवाय माणसांच्या मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातही शंभरच्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. लागोपाठ मोजून एकदा २१२ आणि एकदा २३६ आले, तर दोन्ही एकच समजायचे.

आता कान. मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. मागून टॉर्च धरला की ती स्पष्ट दिसते. सुई शिरेत टोचायची नसते. शीर आणि कड यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी असते तिथे टोचायचे, कारण तिथल्या केशवाहिन्यांतून आपल्याला पुरेसे रक्त मिळते आणि मांजराला त्रास कमी होतो. मीटरच्या पट्टीला एक मायक्रोलिटरपेक्षाही कमी रक्त लागते, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा थेंब पुष्कळ झाला. मात्र थंड कानातून तेवढाही येत नाही, आणि नवशिक्यांची बहुतेक निराशा इथेच होते. तव्यावर कोमट केलेली सुती कापडाची घडी आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहायची आणि मग अर्धा-एक मिनिट कानाला धरायची. कान गुलाबी झाला की समजावे, रक्त खाली उतरले. पेनासारख्या यंत्रातून सुई सुटताना जो टक्क आवाज होतो, तो कानाशीच होत असल्यामुळे मन्याला टोचण्यापेक्षा जास्त खटकत असे. म्हणून मी सुई सरळ हातात धरते, कानाच्या आतल्या बाजूला कापसाची घडी ठेवते, म्हणजे माझे बोट वाचते, आणि एकदाच, न घुटमळता टोचते. घाबरत घाबरत केलेले अर्धवट टोचणे सर्वांत दुखते.

टोचायच्या जागेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला तर रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब होऊन उभे राहते. स्पिरिट लावू नये. ते झोंबते, त्याचा वास मांजराला सहन होत नाही आणि ओले राहिले तर आकडाही बिघडतो. मीटरमध्ये पट्टी आधीच घालून ठेवावी. थेंब आला की पट्टीची कड त्याला नुसती टेकवायची, रक्त ती स्वतः ओढून घेते. मांजर नेमके त्याच क्षणी मान झटकणार असे वाटले, तर थेंब अंगठ्याच्या नखावर टिपून घ्यावा आणि सावकाश नखावरून पट्टीला द्यावा. ही युक्ती शिकल्यापासून आमच्या पट्ट्या वाया जाणे जवळपास थांबले. नंतर कापसाने कान थोडा वेळ दाबून धरायचा, नाहीतर काळानिळा डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे हात लावू देत नाहीत.

हे सारे वाचायला वेळ लागतो, करायला लागत नाही, पण त्याआधी मांजराचे मन वळवावे लागते. सुरुवातीचे काही दिवस मी काहीही टोचले नाही. रोज ठरलेल्या वेळी खिडकीजवळच्या दिवाणावर मन्याला पाठमोरा बसवायचे, कान चोळायचा, मीटरचा आवाज ऐकवायचा आणि बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, एवढेच चालले होते. टॉवेलात गुंडाळून धरण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. चवताळलेल्या मांजरासाठी तो ठीक असेल, पण ज्या तपासणीसाठी शांतता हवी तिच्यासाठी झटापट करणे मला पटत नाही. आता चिकनच्या डब्याचे झाकण वाजले की मन्या स्वतः दिवाणावर चढतो आणि उशीर झाला तर ओरडतो.

रक्त काढणे जमले की खरा अभ्यास सुरू होतो, आणि तो आकड्यांचा असतो. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते आणि अडीचशे-तीनशेच्या पुढे गेली की ती लघवीत उतरू लागते. इन्सुलिनच्या आधीचा आकडा आज इन्सुलिनची सुई द्यायची का, हे ठरवण्यासाठी असतो. डोस बरोबर आहे का, हे त्यावरून कळत नाही. सुईआधी ३४० आले तर डोस कमी पडतो आहे असेही असेल, किंवा दुपारी साखर व्यवस्थित खाली येऊन इन्सुलिनचा असर आठ तासांतच ओसरला असेल. या दोन्हींवरचे उपाय वेगळे. म्हणून डॉक्टर अधूनमधून दिवसभराचा आलेख मागतात. सकाळच्या सुईपासून संध्याकाळच्या सुईपर्यंत दर दोन तासांनी मोजायचे आणि सर्वांत खालचा आकडा कधी आणि किती आला ते पाहायचे. आमच्याकडे ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचे इन्सुलिन चालू आहे. त्याचा परिणाम स्थिरावायला काही दिवस जातात, त्यामुळे एका वाईट आकड्यावरून डोस हलवायचा नाही, हा संयम मला सुईपेक्षा अवघड गेला. सासूबाईंनी त्यासाठी स्वतःच्या वहीची मागची पाने दिली आहेत. पुढून त्यांची साखर, मागून मन्याची. संध्याकाळी ‘किती आली गं त्याची?’ असे विचारून, आपल्यापेक्षा कमी आली असेल तर त्या थोड्या नाराजही होतात.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. आपल्याकडे औषधांच्या दुकानात ४० आणि १०० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटे) अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४०ची टोपी लाल, १००ची केशरी. आमचे ग्लार्जिन १०० तीव्रतेचे आहे. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एकच्या खुणेपर्यंत भरले तर एक युनिटऐवजी अडीच युनिटे जातात. माणसाला हे जादा दीड युनिट कदाचित जाणवणारही नाही, पण साधारण एका युनिटावर सुरुवात होणाऱ्या मांजराला ते जिवावर बेतू शकते. दुकानदाराने ‘दोन्ही सारखंच’ म्हटले तरी टोपी आणि बाटली दोन्ही पाहूनच घ्यावे.

साखर फार उतरली तर मांजर लडखडते, भेदरल्यासारखे पाहते, अंग टाकते, झटकेही येतात. आम्ही मीटरशेजारी मधाची छोटी बाटली ठेवली आहे. शुद्धीवर असेल तर आधी खायला द्यायचे. गळून पडले असेल तर मध हिरड्यांना चोळायचा, तोंडात ओतायचा नाही, आणि बरे वाटले तरी लगेच डॉक्टरांकडे न्यायचे. सुके दाणे बंद करून कमी पिष्टमय ओले खाणे सुरू केले त्या आठवड्यात मोजणे वाढवावे लागले, कारण खाणे बदलले की साखर भरभर उतरते आणि जुना डोस अचानक जास्त ठरतो. याच मार्गाने काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. मन्याचे अजून सुटलेले नाही.

गावाला जायचे झाले तर शेजारच्या काकूंचा कॉलेजात जाणारा मुलगा येतो. त्याला कान धरायला शिकवायला वेळ लागला नाही, पण सुई ‘देऊन टाकण्याची’ घाई त्याच्यातून घालवायला लागला. म्हणून फ्रिजवर त्याच्यासाठी कागद लावला आहे: डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली साखर आली तर सुई नाही. खाल्ले नसेल तर आधी फोन. सुई नीट गेली का अशी शंका आली, तरी दुसऱ्यांदा द्यायची नाही. आकडाच मिळाला नाही तर ती वेळ चुकली तरी चालेल, कारण एक डोस चुकला तरी पुढच्या वेळी नेहमीचाच डोस देऊन गाडी रुळावर येते, जास्त गेलेला काढून घेता येत नाही.