यात्रेतला पेला आणि स्पर्धेतली बाटली

"अहो, पोरानं यात्रेत पेलाभर भांग घेतली. तिनं काय ताकद वाढते होय? उलट अंग सुस्तावतं. मग बंदी कशाची?" माघापासून वैशाखापर्यंत सीमाभागात यात्रा आणि कुस्त्यांची मैदानं हातात हात घालून चालतात. त्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. येळ्ळूर-खानापूरकडचे वस्ताद विचारतात, निपाणी-चिकोडीचे पालक विचारतात, अथणीकडच्या गरडीतली, म्हणजे तालमीतली, कानडी मंडळीही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीपायी पोरांची उमेदीची वर्षं जातात.

कुस्तीच्या स्पर्धेत भांग निषिद्ध आहे, पण ताकद वाढते की नाही, एवढ्यावर हा नियम उभा नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, एखादा पदार्थ निषिद्ध पदार्थांच्या यादीत घालताना तीन गोष्टी बघते: कामगिरी वाढू शकते का, खेळाडूच्या तब्येतीला धोका आहे का, आणि खेळाच्या मूळ भावनेला बाध येतो का. तीनपैकी दोन लागू झाल्या की पदार्थ यादीत. गांजा-भांगेवर २०२२ मध्ये पुन्हा विचार झाला आणि ती यादीतच राहिली. यावर जगभर वाद आहे आणि तो रास्त आहे असं मलाही वाटतं. पण लघवीच्या नमुन्याची बाटली समोर आल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही.

खरा मुद्दा "कधी" हा आहे. भांग, गांजा, चरस यांतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, फक्त स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. हा काळ कुस्तीच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो आणि स्पर्धा संपून नमुना देऊन होईपर्यंत चालतो. इथंच आपली माणसं फसतात. "मग स्पर्धा नसताना घेतली तर चालते की!" असं म्हणतात. पण तुम्ही पेला कधी तोंडाला लावला हे बाटली बघत नाही. स्पर्धेच्या दिवशी दिलेल्या लघवीत काय आहे, एवढंच ती बघते. चार दिवसांपूर्वीच्या पालखीत घेतलेली भांग रविवारच्या नमुन्यात सापडली, तर गुन्हा रविवारचा.

टीएचसी शरीरातल्या चरबीत मुरतं आणि तिथून हळूहळू बाहेर पडतं. त्याचं अवशेषरूप, कार्बॉक्सी-टीएचसी, लघवीत मोजतात. मर्यादा मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅम आहे, आणि मोजणीतली चूक धरून १८० च्या वर गेलं तरच प्रयोगशाळा नमुना दोषी ठरवते. २०१३ पर्यंत हीच मर्यादा अवघी १५ होती. म्हणजे कुणाच्या चिलमीचा धूर नाकात गेला म्हणून सहसा कुणी अडकत नाही. पण रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे निघत राहतं. "किती दिवस आधी थांबलं की सुटतो?" याला आकडा नाही. भांगेची गोळी केवढी होती, ती कुणी घोटली, अंगात चरबी किती, यावर सगळं अवलंबून. त्यात पैलवान वजन तोडतो. पाणी बंद, अंगावर स्वेटर, पळून पळून घाम काढायचा. चरबी वितळली की तिच्यात मुरलेलं टीएचसी पुन्हा रक्तात येऊ शकतं. म्हणून वजनाच्या आठवड्यात कुणी "आता गेली असेल" असं म्हणाला तर त्यावर विसंबू नका.

आता थंडाईकडे येऊ, कारण सीमाभागातली गोम तिथंच आहे. तालमीतली थंडाई म्हणजे नशा नव्हे, तो खुराक आहे. रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरे, वेलची, खडीसाखर. कुंडीत सोट्यानं लोण्यासारखं घोटायचं, दुधात कालवायचं, फडक्यातून गाळायचं. यात निषिद्ध काही नाही, एका खसखशीवर मात्र लक्ष हवं. खसखस अफूच्या बोंडातून निघते आणि तिच्या दाण्यांना मॉर्फिनचा अंश चिकटलेला असतो. नमुन्यात मॉर्फिनची मर्यादा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. चमचाभर धुतलेल्या खसखशीत भीतीचं फारसं कारण नाही. पण माल कुठला, कसा साफ केला, यावर हा अंश खूप कमीजास्त होतो, आणि आपल्याकडच्या गसगसे पायसात, म्हणजे खसखशीच्या खिरीत, ती मूठमूठ पडते. स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधीपासून खीर बंद, आणि थंडाईतली खसखसही काढून टाका. बदाम तेवढेच राहतात, खुराक काही कमी होत नाही.

शिवरात्रीला आणि होळीला मात्र त्याच कुंडीत हिरवी गोळी पडते, आणि कुठला लोटा कुठला हे विचारायची पद्धत नसते. त्यातून प्यायलेली भांग ओढलेल्या गांजासारखी लगेच चढत नाही. तास-दीड तास काहीच वाटत नाही, मग पोरगं दुसरा पेला घेतं. पानपट्टीवर "मुनक्का" म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि रंगीत कागदातली भांगेची चॉकलेटं हीही भांगच. आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर "विजया" असं लिहिलेलं दिसलं तर ती भांग. जातीफलादी चूर्ण पोटासाठी सर्रास घेतात, त्यातही पारंपरिक पाठाप्रमाणे भांग असते. निपाणीच्या तंबाखूबद्दलही विचारतात. निकोटिनवर वाडा नजर ठेवते, पण ते निषिद्ध नाही. तंबाखूनं दम जातो, हा वेगळा विषय.

कायदा वेगळा आणि खेळाचा नियम वेगळा, हेही सांगायला हवं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा येतात, शेंडे नसलेली नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात भांगेबद्दल हेच म्हटलं. चंदगड किंवा कागलच्या बाजूला पाऊल टाकलं की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, आणि तिथं परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. पण तुमची भांग कायदेशीर होती की बेकायदेशीर, याच्याशी नाडाला, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, काही कर्तव्य नाही.

बंदी किती? २०२१ पासूनच्या नियमांत चार पदार्थ वेगळे काढले आहेत: टीएचसी, कोकेन, हेरॉइन आणि एमडीएमए, ज्याला पोरं एक्स्टसी म्हणतात. समाजात नशेसाठी हे वापरले जातात हे मान्य करून त्यांना स्वतंत्र वागणूक दिली आहे. पदार्थ स्पर्धेच्या काळाबाहेर घेतला आणि त्याचा कामगिरीशी संबंध नव्हता, हे खेळाडूनं दाखवलं तर बंदी ३ महिने. नाडानं मान्य केलेला उपचार कार्यक्रम पुरा केला तर १ महिना. स्पर्धेच्या काळातच घेतला असेल तर हिशेब २ वर्षांपासून सुरू होतो, आणि कामगिरीसाठी घेतल्याचं ठरलं तर ४ पर्यंत जातो. पूर्वी दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजल्या जायच्या. नशेत अडकलेल्या पोराला दोन वर्षं तालमीबाहेर काढायचं म्हणजे त्याला नशेच्याच हवाली करणं. हा बदल झाला, फार बरं झालं.

न्यूझीलंडचा क्रिकेटपटू डग ब्रेसवेल २०२४ मध्ये कोकेनसाठी दोषी ठरला आणि उपचार घेतल्यावर त्याची बंदी महिन्यावर आली. दक्षिण आफ्रिकेचा कगिसो रबाडा २०२५ च्या आयपीएलमधून मधेच घरी गेला आणि महिन्याची बंदी भोगून परतला. पण अमेरिकेची धावपटू शाकॅरी रिचर्डसनचं प्रकरण प्रत्येक वस्तादानं ध्यानात ठेवावं. जून २०२१ मध्ये तिनं ऑलिंपिकच्या निवड चाचणीत १०० मीटर जिंकली, नमुन्यात गांजा निघाला, बंदी एक महिना. तो महिना टोकियोतल्या शर्यतीआधीच संपत होता. तरी तिला १०० मीटर धावता आलं नाही, कारण चाचणीतला निकालच रद्द झाला होता. स्पर्धेतला नमुना दोषी निघाला की त्या स्पर्धेतलं पदक, गुण, इनाम सगळं जातं. निवड चाचणीच्या दिवशी असं झालं तर महिन्याच्या बंदीत अख्खं वर्ष बुडतं.

ही सवलत फक्त त्या चारांना आहे. जिममध्ये दम टिकावा म्हणून मेफेंटरमाइनचं इंजेक्शन टोचतात, कोल्हापूरकडेही त्याचे साठे पकडले गेले आहेत. ते उत्तेजक आहे, त्याला ३ महिन्यांचा मार्ग नाही, ४ वर्षांपासून पुढं बोलणी. दुखण्यावर घेतलं जाणारं ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत निषिद्ध आहे. "सगळी नशा एकच" असं समजून कुणी इंजेक्शनलाही भांगेचाच नियम लावत असेल तर त्याला आजच सांगा.

नमुना घ्यायला आले की पळू नका. २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत तपासणीचे अधिकारी आल्याचं कळलं आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकटाच धावपटू उतरला. नमुना न देणं किंवा टाळणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ४ वर्षं. कुस्तीपटू बजरंग पुनियाला नोव्हेंबर २०२४ मध्ये नाडाच्या समितीनं चार वर्षं दिली ती नमुना न दिल्याबद्दल, काही सापडल्याबद्दल नव्हे. भांगेचा महिना चुकवायला गेलेलं पोरगं चार वर्षांत अडकतं.

नमुना देताना किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. सीलबंद संचांपैकी एक खेळाडूनं स्वतः निवडायचा, बाटल्यांवरचे आणि डब्यावरचे आकडे जुळवून बघायचे. नमुना दोन बाटल्यांत भरतात: फेरतपासणीसाठी राखलेल्या बी बाटलीत किमान ३०, पहिल्या तपासणीच्या ए बाटलीत किमान ६०. भरमसाट पाणी पिऊन लघवी पातळ केली तर घनता कमी भरते आणि योग्य नमुना येईपर्यंत बसवून ठेवतात. अर्जावर गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायची असतात. चूर्ण, काढा, आयुर्वेदिक गोळी, सगळं लिहा. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस हवंच, बेळगावात मराठा रेजिमेंटच्या क्रीडा कंपनीत किंवा तालमीत शिकणाऱ्या पोरांच्या पालकांनी हे आधीच ठरवून ठेवावं.

नमुना दोषी निघाला तर नंतर येतं नाडाचं पत्र, आणि सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. पत्र ईमेलवर येतं, इंग्रजीत. तो ईमेल कधीतरी नावनोंदणीच्या वेळी झेरॉक्सवाल्यानं उघडून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. मुदत निघून जाते, बी बाटली तपासून घ्यायचा हक्क जातो, म्हणणं मांडायची संधी जाते. दुसरी चूक म्हणजे पहिल्या उत्तरात "मी काहीच घेतलं नाही, कुणीतरी थंडाईत घातलं" असं लिहून टाकायचं आणि सुनावणीत यात्रेची गोष्ट सांगायची. तीन महिन्यांच्या सवलतीत पुरावा देण्याचा भार खेळाडूवर असतो. कधी, कुठं, किती घेतली, सोबत कोण होतं, हे पहिल्याच उत्तरात तारखेसह आलं तर त्याला वजन राहतं. यात्रेचे फोटो, एसटीचं तिकीट, सोबत्याचं लेखी म्हणणं जोडा.

व्यसन असेल तर उपचाराला लाजू नका. आपल्याला जवळची सरकारी मानसोपचार संस्था म्हणजे धारवाडची डिमहान्स, आणि नशामुक्तीचा देशभराचा मोफत क्रमांक १४४४६. फक्त बंदी कमी व्हायला हवी असेल तर कोणता कार्यक्रम चालेल हे नाडाकडून आधी लेखी घ्या. नुसतं दवाखान्याचं कागदपत्र नंतर दाखवून भागत नाही.

वस्तादांना आवर्जून सांगतो. स्पर्धेच्या काळात पैलवानाला तुमच्या हातून निषिद्ध पदार्थ गेला तर गुन्हा तुमच्यावरही लागतो, आणि तो ४ वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत जातो. "नीट झोप लागावी" म्हणून कुस्तीच्या आदल्या रात्री बारा वाजता दिलेली भांगेची गोळीही यात येते. यात्रेच्या दिवसांत भांगेची कुंडी तालमीच्या चौकटीबाहेर ठेवा आणि पोरांचे लोटे नावानिशी वेगळे.

बंदीच्या काळात कुस्ती संघटनेच्या सदस्य तालमीत सरावही बंद असतो. तीन महिन्यांच्या बंदीत शेवटचे तीनेक आठवडे सरावाला परत येता येतं. या काळात गावच्या मैदानात जोड लागली तर खेळायचं का? ते मैदान संघटनेच्या किंवा सरकारी निधीच्या कक्षेत येत असेल तर मूळ बंदीइतकीच आणखी बंदी वाढू शकते. पत्रिकेवर नाव छापून येण्याआधी नाडाला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत लांग चढवू नका.