एकच ठिपका

हळदीच्या अर्काची टीएलसी प्लेट (पातळ थरावर मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे करणारी चाचणी) म्हणजे तीन ठिपके, हे सांगलीतल्या लॅबमध्ये कुणीही न बघता सांगेल. क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल ९५:५ च्या द्रावणात सर्वांत वर हळदीचं पिवळं रंगद्रव्य कर्क्युमिन, त्याखाली त्याचीच भावंडं: डिमेथॉक्सी आणि तळाला बिसडिमेथॉक्सी. ‘हळदीचा नैसर्गिक अर्क’ म्हणून तपासायला आलेल्या पावडरीनं एकच ठिपका दिला. शेजारच्या रेषेत मार्केट यार्डातल्या राजापुरी हळकुंडाचे तिन्ही ठिपके स्वच्छ दिसत होते. म्हणजे प्लेट चुकली नव्हती.

तुलनेसाठी कर्क्युमिन लॅबमध्येच बनवलं, रसायनज्ञ पाबोनच्या १९६४ च्या पद्धतीनं. असिटिलअसिटोन १ ग्रॅम आणि बोरिक ऑक्साइड ०.५ ग्रॅम एथिल असिटेटमध्ये ढवळून आधी बोरॉनचं कॉम्प्लेक्स करायचं. सगळी मेख इथेच. असिटिलअसिटोनच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन सर्वांत सहज सुटतात, त्यामुळे व्हॅनिलिन, म्हणजे कर्क्युमिनच्या दोन्ही टोकांना जोडायचा रेणू, तिथंच जाऊन चिकटतं. आपल्याला हवे असतात टोकांचे दोन मिथिल. बोरॉन दोन्ही ऑक्सिजन धरून मधली जागा बंद करतो. मग व्हॅनिलिन ३.०४ ग्रॅम, तयार होणारं पाणी टिपायला ट्रायब्युटिल बोरेट ९.२ ग्रॅम, आणि ब्युटिलअमिन ०.२ मिली, थेंबाथेंबानं, ४० मिनिटांत. रात्रभर ठेवून सकाळी ६० अंशांवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं कॉम्प्लेक्स तोडायचं.

पहिल्या खेपेला हाती आला तपकिरी चिकटा. ऑगस्टची दमट हवा, आणि बोरिक ऑक्साइडच्या बाटलीचं झाकण सैल. आत भुकटीचे खडे झालेले. पाणी प्यायलेलं ऑक्साइड म्हणजे बोरिक आम्लच. अशी बाटली कपाटात परत ठेवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा. नवी सीलबंद बाटली फोडली, सॉल्व्हंट मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या खड्यांवर) सुकवला, आणि फ्लास्क लालभडक झाला. मिळाले २.६ ग्रॅम, हिशोबानं मिळायला हव्या त्याच्या ७१ टक्के.

प्लेटवर आमच्या कर्क्युमिनचा ठिपका एकच, आलेल्या नमुन्याच्या बरोबर उंचीवर. इथं व्हॅनिलिन एकच, म्हणून रेणूही एकच. झाड फेरुलिक आणि कूमारिक आम्लांचे दोन्ही तुकडे वापरतं, म्हणून तीन.

तरी अहवालात ‘कृत्रिम’ लिहिता आलं नाही. खऱ्या अर्काचं पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण केलं, तर खालचे दोन ठिपके पुसट होत जातात. निवाडा कार्बन-१४ करेल, कारण हा किरणोत्सारी कार्बन झाडातून आलेल्या मालात असतो, पेट्रोलियमपासून बनलेल्या मालात नसतो. पण ती चाचणी आमच्याकडे होत नाही आणि बाहेरून करून घ्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. ‘कर्क्युमिन आहे, परंतु उगम सिद्ध होत नाही’ हे मुद्दाम एकाच वाक्यात लिहिलं, अर्धं कापून लेबलवर जाऊ नये म्हणून. पण एवढ्या वेळा स्फटिकीकरण केलेला अर्क साध्या अर्काच्या भावात कोण विकेल?