चिंता करू नका, पण समोसे किती सांगायचे?

चर्चचा युवक संघ चालवणाऱ्या माणसाच्या प्रार्थना ऐकताना देवाची फार करमणूक होत असणार. म्हणजे मोठमोठे भक्त जगाच्या तारणासाठी रात्र रात्र गुडघ्यावर असायचे आणि मी शनिवारी दुपारी ऑफिसातून निघताना स्कूटीवर बसून प्रार्थना करते की प्रभू, कीबोर्डवाला येऊ दे, लाईट जाऊ नये, आणि ग्रुपवर ज्यांनी अंगठा टाकलाय त्यातले निम्मे तरी खरंच येऊ देत कारण समोसे सांगायचेत. समोशाचा अंदाज ही काही साधी गोष्ट नाही हं. जास्त सांगितले तर रविवारी सकाळी पाळकसाहेबांच्या घरी चहाबरोबर गार समोसे, आणि कमी सांगितले तर नेमकी त्याच दिवशी कोणाची तरी मावसभावंडं सुट्टीला आलेली असतात. पाच भाकरी आणि दोन माशांत येशूने हजारोंना जेवू घातलं ही गोष्ट लहानपणी संडे स्कूलमध्ये चित्र रंगवण्यापुरतीच होती, आता मात्र आतून कळते, विशेषतः शिष्यांची बाजू. आणि तिथेसुद्धा बारा टोपल्या उरल्याच होत्या, म्हणजे उरण्याला तर पवित्र शास्त्राचाच आधार आहे.

कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं असं की मुलं खाण्यासाठी येतात, देवासाठी नाही. काका, येऊ द्या ना मग! अमेरिकेत मेन राज्यात पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क म्हणून पाळक होते, त्यांनी १८८१ च्या फेब्रुवारीत आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांना घरी बोलावून क्रिश्चन एन्डेव्हर सोसायटी सुरू केली आणि बघता बघता ती जगभर पसरली, चर्चमधल्या तरुणांच्या कामाची सुरुवात सांगताना त्यांचं नाव हमखास येतं. तर त्या संध्याकाळी पाळकीणबाईंनी कुकीज केल्या होत्या. कुकीजवर चालतं तर समोशावर का नाही चालणार.

आम्ही नगरचे. म्हणजे २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच. इथं अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे आमच्याकडे पाचव्या सहाव्या पिढीचे ख्रिस्ती भरपूर आणि प्रत्येकाच्या आजोबांनी चर्चच्या कुठल्या ना कुठल्या भिंतीला हातभार लावलेला. अशा मंडळीत युवक संघाची सेक्रेटरी होणं म्हणजे पगार नाही, रजा नाही, आणि रस्त्यात कोणीही थांबवून "जय ख्रिस्त, अगं आमच्या पोराला जरा समजव, लग्नाला नाही म्हणतोय" असं सांगू शकतं. तो पोरगा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे हा भाग वेगळा.

तर मागे एकदा मननासाठी विषय घेतला बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, चिंता करू नका. विषय मीच निवडला, कारण परीक्षांचे दिवस होते आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. मस्त तयारी केली, आकाशातली पाखरं पेरत नाहीत कापत नाहीत, रानातली भूकमळं कष्ट करत नाहीत, शलमोन राजासुद्धा त्यांच्यासारखा सजला नव्हता, सगळं अगदी आवाजात चढउतार करून सांगितलं. मागच्या बाकावर आमचा एक पोरगा बसतो, दोन वर्षं झाली पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे उठून ग्राउंडवर जातो आणि संध्याकाळी एका दुकानात काम करतो. तो हात वर करून म्हणाला, "ताई, सगळं बरोबर आहे, पण पाखरांना सोळाशे मारावं लागत नाही."

सगळा हॉल हसला. मी पण हसले. पण नंतर म्हणलं याला उत्तर काय द्यायचं, कारण पोरगा चेष्टा करत नव्हता. १६०० मीटरला काही सेकंद मागे पडला की मार्क जातात, गोळ्याचे वेगळे, शंभर मीटरचे वेगळे, मग लेखी, आणि घरी वडील रोज एकच प्रश्न विचारतात. त्याला मी "विश्वास ठेव" म्हणून मोकळी होणार का? मला स्वतःला ते वाक्य कोणी फुकटात दिलं की राग येतो. हॉस्पिटलचं बिल भरायच्या रांगेत उभं असताना एका बाईंनी मला "प्रभू बघेल" असं सांगून माझ्याच पुढे नंबर लावला होता.

त्या रात्री घरी जाऊन प्रेषित पौलाची बायबलातली पत्रं वाचत बसले. फिलिप्पैकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात तो म्हणतो कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, आणि हे तो बंदीत असताना लिहितोय, कुठल्या रिट्रीट सेंटरच्या व्हरांड्यात बसून नाही. ठीक. पण हाच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अकराव्या अध्यायात आपल्या हालअपेष्टा मोजतो, फटके किती खाल्ले, तारू किती वेळा फुटलं, चोरांची भीती, नद्यांची भीती, उपाशी राहिलो, थंडीत उघडा राहिलो, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी काय म्हणतो तर याशिवाय सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्या मनावर आहेच! म्हणजे तारू फुटलं ते झालं गेलं, पण मंडळीची चिंता मात्र रोजची. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. या माणसाला पण रात्री झोप लागत नसणार, करिंथात कोण कोणाशी भांडलं असेल, थेस्सलनीकातली पोरं नीट आहेत का, वर्गणी गोळा झाली का. आणि त्याने चिंता करू नका हे पण लिहिलं आणि मला चिंता आहे हे पण लिहिलं, दोन्ही खोडलं नाही. मला वाटतं त्या दोन वाक्यांच्या मध्येच कुठेतरी आम्ही सगळे राहतो, आणि तिथे राहिलं म्हणून कोणी कमी विश्वासाचं ठरत नाही.

पुढच्या शनिवारी मी हेच वाचून दाखवलं, भाषण केलं नाही. पोलीस भरतीवाला म्हणाला, "पौल आपला माणूस आहे." मग ठरलं की सुरुवातीला प्रत्येकाने आपली आठवड्याची चिंता एका चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, नाव लिहायचं नाही, आणि एकाने दुसऱ्याची चिठ्ठी काढून तिच्यासाठी प्रार्थना करायची. नाव नसलं तरी अक्षर सगळ्यांना माहीत असतं ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. एक चिठ्ठी अशी निघाली, "मोबाईलचा हप्ता आणि आईचं बीपी." एक होती, "मला चर्चमध्ये यायला कंटाळा येतो हीच चिंता आहे." ती काढली होती नेमकी कमिटीतल्या त्याच काकांनी, त्या दिवशी सहज बघायला आले होते. काकांनी चष्मा वर केला, चिठ्ठी परत वाचली, आणि म्हणाले प्रभू, याला माझ्या वयापर्यंत येऊ दे, मला पण येतो. त्यानंतर काका दर शनिवारी येतात. समोसे दोन खातात.

आता झोपेचं सांगते. आमच्यात एक मुलगी जीएनएम करते, नर्सिंगला, नाईट ड्युटी करून घरी जाऊन थोडंसं झोपून मीटिंगला येते आणि प्रार्थना सुरू झाली की पाचव्या मिनिटाला तिची मान खाली. आमच्या लोकांना वाटतं किती तल्लीन झालीय. एकदा घोरली तेव्हा भांडं फुटलं. शेजारची तिला कोपराने ढोसायला लागली तेव्हा मी म्हणलं राहू दे, आणि प्रेषितांची कृत्ये विसावा अध्याय काढला.

युतुख. ज्याला माहीत नाही त्याने जरूर वाचा, आख्ख्या नव्या करारात आम्हा युवक संघवाल्यांचा इतका जवळचा दुसरा माणूस नाही. त्रोवसला माडीवर सभा आहे, पौल दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून बोलतोय बोलतोय, मध्यरात्र झाली, खोलीत पुष्कळ दिवे, म्हणजे धूर आणि उकाडा असणारच, आणि हा तरुण बिचारा खिडकीत बसलाय, हवेसाठीच बसला असेल. पौलाचं भाषण काही संपेना, याला गाढ झोप लागली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तर मेलेला. पौल खाली गेला, त्याच्यावर पडून त्याला कवटाळलं आणि म्हणाला घाबरू नका, जीव आहे याच्यात. इथपर्यंत चमत्कार. पण मला आवडतो तो पुढचा भाग, पौल परत वर गेला, भाकर मोडली, खाल्लं, आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलला! कोणी त्याला म्हणलं नाही की साहेब आता आटपा, पोरगं मरता मरता वाचलंय. मला सगळ्यात बरं वाटतं ते हे की झोपला म्हणून पौलाने त्याला एक शब्दसुद्धा ऐकवला नाही. तेव्हापासून नर्सिंगवालीला भिंतीकडची जागा ठरलेली आहे आणि खिडकीत कोणी बसायचं नाही असा नियम आहे.

मोठ्यांची चिंता अजून वेगळी. तरुण पिढी हातातून चालली, गिटार घेऊन हिंदी गाणी म्हणते, उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातली गाणी पाठ नाहीत, पेटी आणि तबला कोपऱ्यात धूळ खातोय. यात तथ्य आहे, मला पण रेव्हरंड टिळकांची पदं ड्रमच्या आवाजात बुडालेली सहन होत नाहीत. पण गंमत अशी की शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीतं चालायची आणि नारायण वामन टिळकांसारख्यांनी भजन, अभंग, कीर्तन आत आणलं, तेव्हा तेच नवीन होतं. आज ज्याला आपण जुनी भक्ती म्हणतो ती त्या वेळची गिटारच की! हे मी कमिटीत बोलले तर दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही आणि मग अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, पंख्याची दुरुस्ती.

टिळकांचा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई आठवतात. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी तो घ्यायला पुढची पाच वर्षं गेली, आणि त्यानंतरचा संसार म्हणजे टिळकांनी उद्याचा विचार न करता हातातलं देऊन टाकायचं आणि बाईंनी उद्या चूल कशी पेटणार ते बघायचं. स्मृतिचित्रे वाचताना हसून हसून डोळ्यात पाणी येतं, पण मत्तय सहा डोक्यात ठेवून परत वाचा. चिंता न करणाऱ्या प्रत्येक माणसामागे त्याच्या वाटची चिंता करणारं कोणीतरी असतंच, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. बायबलातल्या मार्थेचं तेच झालं, येशू तिच्या घरी आला तेव्हा. ती कामात गुंतली म्हणून तिला ऐकून घ्यावं लागलं, पण तेरा लोक अचानक घरी आले तर स्वयंपाक कोण करणार होतं हे मला कोणी अजून सांगितलेलं नाही. उलट योहान बारा बघा, पुढे बेथानीत भोजन झालं तेव्हा वाढत कोण होतं? मार्थाच. तेव्हा कोणी तिला काही बोललं नाही.

सध्या मे महिन्याच्या शिबिराचं चाललंय, पाचगणीला. कमिटीने एकमताने विषय ठरवला "चिंता करू नका" आणि त्याच मीटिंगमध्ये पुढचा दीड तास बस घाटात बंद पडली तर, चिकन खराब निघालं तर, मुलं टेबल लँडच्या कडेला जाऊन सेल्फी काढायला लागली तर, असं एकेक चाललं. पालकांचे फोन वेगळेच. पोलीस भरतीवाल्याने आधीच सांगून ठेवलंय, "ताई, सकाळचं मनन साडेसहाला ठेवा, तोवर मी टेबल लँडवर सोळाशे मारून येतो." त्याच्याबरोबर अजून चौघं पळणार आहेत, त्यात काका पण आहेत, ते चालणार आहेत.

नर्सिंगवालीने रजेचा अर्ज टाकलाय, मेट्रननी अजून सही केलेली नाही. काल तिचा मेसेज आला, "ताई प्रार्थना करा, आणि जमलं तर मंडळीच्या लेटरहेडवर एक पत्र पण द्या." पत्र पाळकसाहेबांकडे टाइप करायला दिलंय.