तुम्ही विचारलंत म्हणून : दिवाणखान्यातला स्पीकर आपले बोलणे ऐकतो का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात टीव्ही, साउंडबार आणि आवाजावर चालणारे स्पीकर विकले जातात आणि ते ग्राहकांच्या घरी बसवून देण्याचे कामही आम्हीच करतो. या कामात मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न किमतीचा नाही, वॉरंटीचाही नाही. जोडणी पूर्ण होते, पहिले गाणे लागते, आणि मग घरातली एखादी मावशी आवाज थोडा खाली आणून विचारते, "ताई, ह्यो डबा आमचं समदं बोलणं ऐकतोय व्हय?" या प्रश्नाला निघता निघता एका वाक्यात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

ॲमेझॉनचा इको असो की गूगलचा नेस्ट, त्याचा मायक्रोफोन चालू ठेवलेला असतो हे खरे आहे. मात्र उपकरणाच्या आत त्या वेळी एकच काम सुरू असते : 'अलेक्सा' किंवा 'हे गूगल' अशी ठरलेली हाक आली का, हे तपासण्याचे. त्यासाठी नुकत्याच ऐकलेल्या काही क्षणांचा आवाज तात्पुरत्या स्मृतीत राहतो आणि त्याच जागेवर पुढचा आवाज चढत जातो, त्यामुळे आधीचा पुसला जातो. हाक ओळखली गेली की दिवा लागतो आणि तिथून पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, कारण आपल्या आज्ञेचा अर्थ लावण्याचे काम प्रामुख्याने तिथे होते. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा स्पीकरांसमोर अनेक तास टीव्ही मालिका लावून तपासणी केली, तेव्हा ही उपकरणे सतत ध्वनिमुद्रण करत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून मी मावशींना सांगते की स्वयंपाकघरातली तुमची रोजची बोलणी जशीच्या तशी कुठे जात नाहीत.

परंतु त्याच संशोधनाने दुसरी गोष्टही दाखवली. हाक मारलेली नसताना, केवळ मिळत्याजुळत्या उच्चारामुळे, हे स्पीकर वारंवार जागे होत होते आणि काही वेळा बरेच सेकंद जागे राहत होते. आपल्या घरात टीव्ही आणि स्पीकर एकाच भिंतीला लागून असतात आणि संध्याकाळभर मालिका सुरू असते, त्यामुळे ही शक्यता आपल्याकडे कमी नाही. अशा वेळी पाठवलेला आवाज माणसांच्या कानापर्यंतही गेलेला आहे. आवाजाची ओळख सुधारण्यासाठी ॲमेझॉनचे कर्मचारी काही ध्वनिमुद्रणे ऐकतात, हे एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने उघड केले. त्याच वर्षी जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीच्या पत्रकारांनी गूगल असिस्टंट या गूगलच्या आवाजी मदतनिसाची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणे स्वतः ऐकली आणि त्यांतील १५३ हाक न मारताच नोंदली गेल्याचे त्यांना आढळले. त्यांत घरगुती आणि व्यावसायिक खाजगी संभाषणेही होती. या जागी मावशींची भीती निराधार नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे आपल्या घरातून काय गेले ते स्वतः पाहणे. अलेक्साच्या ॲपमध्ये 'मोअर', मग 'सेटिंग्ज' आणि त्यात 'अलेक्सा प्रायव्हसी' येथे गेल्यास आपल्या सर्व आज्ञांची यादी मिळते आणि ध्वनिमुद्रणे जतन केलेली असतील तर ती ऐकताही येतात. ज्यांना स्पीकरविषयी काहीच शंका नसते, त्यांना मी ही यादी आवर्जून दाखवते, कारण स्वतःच्या घरातला आवाज दुसऱ्या कुणाकडे साठवलेला ऐकल्यावर माणूस पुढचा निर्णय विचारपूर्वक घेतो. त्याच ठिकाणी ध्वनिमुद्रणे किती काळ ठेवायची ते ठरवता येते. 'जतन करू नये' हा पर्याय निवडण्याचा माझा सल्ला असतो. गूगल २०२० पासून आपण वेगळी परवानगी दिल्याशिवाय आवाज खात्यात जतन करत नाही, मात्र आज्ञेचा मजकूर खात्याच्या नोंदीत राहू शकतो. 'माय ॲक्टिव्हिटी'मध्ये जाऊन तो ३ महिन्यांनी आपोआप पुसला जाईल अशी व्यवस्था करून ठेवावी. पाहुणे आल्यावर किंवा घरात पैशाअडक्याची, आजारपणाची बोलणी निघाल्यावर स्पीकरवरचे मायक्रोफोन बंद करण्याचे बटण वापरावे. इकोवर तेव्हा लाल दिवा लागतो, गूगलच्या स्पीकरवर नारिंगी.

इथवर मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. आता न विचारलेल्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचा तोच आहे. ज्या घरात स्पीकरवर संशयाने फडके टाकले जाते, त्याच घरात भिंतीवरच्या ५५ इंची टीव्हीबद्दल मला कोणी काहीच विचारत नाही. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय दिसते आहे ते ओळखणारी यंत्रणा असते. ती पडद्यावरील चित्राचे किंवा आवाजाचे ठसे थोड्या थोड्या वेळाने घेते आणि कंपनीच्या संग्रहातील ठशांशी ते जुळवून, या घरात अमुक वेळी अमुक कार्यक्रम पाहिला गेला, अशी नोंद तयार करते. ही नोंद पुढे जाहिरातींसाठी वापरली जाते. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिद येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींची ब्रिटन आणि अमेरिकेत तपासणी केली, तेव्हा एचडीएमआय केबलने बाहेरचे उपकरण जोडले असतानाही ही यंत्रणा काम करत असल्याचे दिसले. म्हणजे लॅपटॉप जोडून टीव्हीचा नुसता पडद्यासारखा वापर केला तरी तिचे काम थांबत नव्हते. व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांच्या संमतीशिवाय अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये तिला अमेरिकेत २२ लाख डॉलर भरावे लागले.

या यंत्रणेविषयी समाधानाची बाब एवढी, की त्याच तपासणीत संमती काढून घेतल्यावर ठसे पाठवणे थांबल्याचेही दिसले. संमती आपण कधी दिली, असे ग्राहक आश्चर्याने विचारतात. नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना एकामागून एक पाने येतात, सगळे कार्यक्रम पाहायला आतुर झालेले असतात आणि बसवणारा मुलगाही पुढच्या घरी जायच्या घाईत असतो, त्यामुळे प्रत्येक पानावर 'सहमत' दाबले जाते. आमच्या मुलांना मी सक्त सूचना दिलेली आहे की या पानांच्या वेळी रिमोट ग्राहकाच्या हातात द्यायचा आणि प्रत्येक पान कशाचे आहे ते मराठीत सांगायचे. ज्यांचा टीव्ही आधीच सुरू झालेला आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावे. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस', सोनीच्या काही टीव्हींमध्ये 'सांबा इंटरॲक्टिव्ह टीव्ही' अशी नावे आढळतात. मॉडेलनुसार ती थोडी बदलतात. ॲमेझॉनच्या फायर टीव्हीमध्ये 'प्रेफरन्सेस'मधील 'प्रायव्हसी सेटिंग्ज' उघडून वापराची माहिती गोळा करणे आणि आवडीनुसार जाहिराती दाखवणे, हे पर्याय बंद करावेत. टीव्ही बंद पडेल, चॅनेल जातील अशी भीती अनेकांना वाटते. तसे काहीही होत नाही.

दुसरी तितकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टीव्हीवर कोणाचे खाते आहे. कोल्हापुरात असंख्य घरांमध्ये आईवडील इथे आणि मुले पुण्याला किंवा बंगळुरूला अशी स्थिती आहे. टीव्ही मुलाने घेऊन दिलेला असतो आणि त्यावर खातेही मुलाचेच असते. मग शाहूपुरीत बसलेल्या आईने रिमोटवर बोलून गुडघेदुखीवर, मूळव्याधीवर किंवा एखाद्या कौटुंबिक अडचणीवर जे काही शोधले ते मुलाच्या खात्याच्या इतिहासात जाते, त्याच्या फोनवर तशाच चित्रफिती सुचवल्या जाऊ लागतात आणि कधी सूनबाईंच्या नजरेलाही पडतात. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, परंतु वडीलधाऱ्यांनाही स्वतःपुरते काही ठेवण्याचा अधिकार आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अशा घरी मी आईच्या नावाने स्वतंत्र खाते उघडून देते आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहून ठेवायला सांगते. याहून वाईट प्रकार म्हणजे बसवणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी स्वतःचेच खाते घालून जाणे. सेटिंग्जमध्ये ओळखीचा नसलेला ईमेल पत्ता दिसला तर तो त्याच दिवशी काढून टाकावा.

हे सगळे वाचून आवाजाची सोयच नको असे कोणी ठरवू नये, असे मला मनापासून वाटते. ज्या आजींना रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत शोध घेणे जमत नाही, त्या रिमोटवरचे बटण दाबून अभंगाची पहिली ओळ म्हणतात आणि अभंग सुरू होतो. दृष्टी अधू झालेल्यांना तर यासारखा आधार नाही. मात्र या कामासाठी सतत कान देणारा स्पीकर लागतोच असे नाही. माइकचे बटण असलेल्या साध्या रिमोटमध्ये बटण दाबल्यावरच आवाज घेतला जातो. म्हणून केवळ टीव्हीसाठी आवाज हवा असेल तर मी रिमोटच सुचवते. ज्या टीव्हीला रिमोटशिवाय दुरून हाक मारता येते, त्याच्या चौकटीवर अनेकदा माइकचा स्वतंत्र सरकता खटका असतो. तो बंद ठेवून रिमोटवरचा माइक वापरावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून घरीच कार्यालय थाटलेले वकील आमच्याकडे अधिक येऊ लागले आहेत. त्यांना आणि डॉक्टरांना मी स्पष्टच सांगते, की ज्या खोलीत पक्षकार किंवा रुग्ण बोलतात त्या खोलीत हाकेवर जागे होणारे कोणतेही उपकरण ठेवू नये, विक्री गेली तरी चालेल.

लहान मुले असलेल्या घरी आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण या स्पीकरशी सर्वांत जास्त मुलेच बोलतात. मुलांची ध्वनिमुद्रणे अमर्याद काळ ठेवल्याचा आणि पालकांनी सांगूनही सर्व माहिती न पुसल्याचा आरोप अमेरिकेच्या सरकारने ॲमेझॉनवर केला होता. कंपनीने तो मान्य केला नाही, पण २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. आपल्या देशात त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक आहे. शिवाय संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. ती बंधने लागू झाली की प्रत्येकाने ती सूचना मराठीतच मागावी. कोणी मागितलीच नाही तर कायद्यातले ते कलम कागदावरच राहील. तोपर्यंत निदान आवाजावरून होणारी खरेदी बंद करावी किंवा तिला पिन लावावा.

वाय-फायबद्दल थोडेसेच सांगते. केबलवाल्या दादांनी राउटर बसवताना ठेवलेला पासवर्ड पुष्कळदा ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच असतो आणि तो सगळ्या गल्लीला ठाऊक असतो. तो त्याच आठवड्यात बदलावा, कारण एकाच वाय-फायवर असलेल्या दुसऱ्या फोनवरून आपल्या टीव्हीवर चित्रफीत लावता येते.

दसरा-दिवाळीला एक्स्चेंजच्या योजनांमध्ये जुने टीव्ही आणि स्पीकर आमच्याकडे गाडीभर येतात आणि त्यांतील कित्येकांमध्ये मालकाचे खाते, पाहिलेल्या कार्यक्रमांचा इतिहास आणि वाय-फायचा पासवर्ड तसाच असतो. जुने उपकरण देण्यापूर्वी त्यावर 'फॅक्टरी रीसेट' करावे, म्हणजे आतली सगळी माहिती पुसून ते मूळ स्थितीत आणावे, आणि नंतर फोनवरच्या ॲपमधील उपकरणांच्या यादीतूनही ते काढावे. दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात. रीसेट करता येत नसेल तर टीव्ही चालू स्थितीतच दुकानात घेऊन या. तुमच्यासमोर ते करून दिल्याशिवाय आम्ही टीव्ही ताब्यात घेत नाही.